४०,००० च्या गाडीवर ३,६५० सेल्स टॅक्स. यातले बसला किती?

सातारीतुरा | ४ डिसेंबर २०२५, रात्री ९:४०

मंडळी, शनिवारी गाडी घेतली. इलेक्ट्रिक. घासाघीस करून बरोब्बर ४०,००० डॉलरवर आणली म्हणून मी खुशीत होतो. तेवढ्यात फायनान्सच्या खोलीतल्या माणसानं कागद माझ्याकडे फिरवला, खाली एक ओळ : सेल्स टॅक्स ३,६५०. कॅलिफोर्नियात सनीवेलला राहतो, इथला दर ९.१२५ टक्के. गणित बरोबर आहे हो, पण पोटात दुखायचं थांबत नाही. एवढ्यात गावाकडे तीन स्कूटर आल्या असत्या.

ऑफिसातला एक जण म्हणाला, "अर्धे पैसे त्या रिकाम्या बसमध्ये जातात." एल कॅमिनोवर, म्हणजे इथल्या मुख्य रस्त्यावर, बस दिसतात खऱ्या. रिकाम्या असतात की भरलेल्या, हे कधी निरखून पाहिलं नाही. तर विचारायचंय ते हे, की यातले बस-ट्रेनला नक्की किती जातात? कर लावला कोणी? आणि पुढच्या नोव्हेंबरात अजून अर्धा टक्का येतोय म्हणतात, ते काय प्रकरण? इथे येऊन दोन वर्षं झाली, एच-वन व्हिसावर आहे. मतपत्रिका काही येत नाही, आधीच्या भाडेकरूच्या नावाने प्रचारपत्रकं मात्र ढिगाने येतात.

चहाटळ | रात्री ९:५२

अभिनंदन! पेढे कधी? (पेढ्यांवर टॅक्स नाही, निर्धास्त आण.)

पडवळ | रात्री १०:०५

ऑरेगनला जाऊन घ्यायची ना गाडी. तिकडे सेल्स टॅक्सच नाही. माझ्या मेव्हण्याच्या मित्राने घेतलीय.

मोडीलिपी | रात्री १०:४८

पडवळ, मेव्हण्याच्या मित्राने ती गाडी कॅलिफोर्नियात नोंदवायला नेली की डीएमव्हीच्या (इथलं आरटीओ) खिडकीवर 'यूज टॅक्स' या नावाने तेवढेच पैसे मोजावे लागतात. दरही गाडी विकणाऱ्याच्या गावाचा नसतो, तुमच्या पत्त्याचा असतो. शेजारच्या काउंटीत (जिल्ह्यात) जाऊन घेतली तरी सनीवेलकर सनीवेलचाच दर भरणार.

तुरेबुवा, आता तुमची पावती सोडवू. पेन घ्या.

७.२५ टक्के हा राज्यभराचा दर. त्याच्या पोटातच पाव टक्का काउंटीच्या वाहतूक निधीचा असतो, १९७१ च्या राज्य कायद्यापासून. त्यावर आपल्या सांता क्लारा काउंटीने चढवलेले थर असे : १९७६ चा अर्धा टक्का, याला मुदत नाही, कायमचा. २००० साली मंजूर झालेला अर्धा टक्का, वसुली एप्रिल २००६ पासून ३० वर्षं. २००८ चा अष्टमांश टक्का, फक्त बार्ट ही मेट्रोसारखी रेल्वे चालवायच्या खर्चासाठी. २०१६ चा अर्धा टक्का, ३० वर्षांचा. २०२० चा अष्टमांश, कॅलट्रेन या लोकल गाडीसाठी, तो सॅन फ्रान्सिस्को आणि सॅन मटेओ काउंटीही भरतात. राहिला एक अष्टमांश, तो काउंटीच्या सर्वसाधारण तिजोरीत जातो, त्याचा बसशी संबंध नाही. करा बेरीज. ९.१२५ येतात की नाही?

वाहतुकीचे वरचे थर मिळून १.७५ टक्के, म्हणजे तुमच्या गाडीवर ७०० डॉलर. पोटातल्या पाव टक्क्याचे १००. एकूण ८००. तर ऑफिसातल्या मित्राला सांगा, अर्धे नाही, पाचवा हिस्सा थोडा जास्तच. आणि ते ८०० सुद्धा सगळे बसला जात नाहीत. पण जेवायला हाक आली, ते उद्या.

सातारीतुरा | रात्री १०:५५

मोडीकाका, साष्टांग. माझ्या सीपीएने एवढं कधी सांगितलं नाही.

फ्रीमाँटचा_फौजदार | ५ डिसेंबर, सकाळी ७:१५

९.१२५ वर रडणाऱ्यांनी खाडीच्या या बाजूला यावं. आमच्याकडे १०.२५ आहे. आणि बार्टचा अर्धा टक्का अलामीडा, काँट्रा कोस्टा आणि सॅन फ्रान्सिस्को १९७० पासून भरताहेत. बार्टचा जिल्हा १९५७ ला बनला तेव्हा सांता क्लारावाले आलेच नाहीत. आता मिल्पिटास आणि बेरियेसाला ऐटीत स्टेशनं आहेत! लग्नाच्या वर्गणीला गायब आणि पंगतीला पहिल्या पानावर.

मोडीलिपी | दुपारी १२:२०

फौजदारसाहेब, पंगतीचं पान आम्ही घरून आणलंय. मिल्पिटास-बेरियेसाचा मार्ग (१३ जून २०२०, ऐन कोविडात उघडला, उद्घाटनाला गर्दी करायचीही सोय नव्हती) आमच्या बस आणि ट्रामसारखी लाइट रेल चालवणाऱ्या व्हीटीएने मुख्यतः २००० च्या कराच्या पैशातून बांधला. तिथवर गाड्या चालवायचा खर्च आमच्या २००८ च्या अष्टमांशातून जातो. दोन-तृतीयांश मतांची रेघ त्या वेळी कशीबशी ओलांडली होती. तुम्ही २०१२ ला तुमच्या काउंटीतला कर ६६.५३ टक्क्यांवर आपटलात, आठवतंय? ६६.६७ लागत होते. २०१४ ला परत उभा केलात तेव्हा झाला.

तुरेबुवांचा दुसरा प्रश्न, कर कोणी लावला? मतदारांनी, दर वेळी मतदान घेऊन. मी या खोऱ्यात आलो तेव्हा हायवे ८५ चं काम जोरात होतं. १९९४ च्या ऑक्टोबरात तो पुरा खुला झाला. तो राज्याच्या पैशातून नव्हे, १९८४ च्या अर्ध्या टक्क्यातून झाला, १० वर्षांचा कर, ८५, २३७ आणि १०१ साठी. मालमत्ता कराचं दार १९७८ च्या प्रपोझिशन १३ ने लावून घेतलं होतं, राज्याकडे रस्त्यांना पैसा नव्हता. तेव्हा काउंटीने स्वतःच्याच दुकानांवर कर लावला. कॅलिफोर्नियात हा मार्ग आधी आम्ही काढला, मग बाकीच्या काउंट्या आल्या. अशांना इथे 'सेल्फ-हेल्प काउंटी' म्हणतात. बचत गटासारखं वाटतं, पण रकमा अब्जांच्या.

१९९२ ला तो पुढे चालू ठेवायला ५४ टक्के मतं पडली. १९९५ ला राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की ठरावीक कामासाठीच्या कराला दोन-तृतीयांश लागतात, हा कर रद्द. मग १९९६ ला आमच्याकडच्या हुशार लोकांनी एकाच मतपत्रिकेवर दोन प्रश्न ठेवले. एक : ही कामांची यादी आवडली का? (नुसता सल्ला.) दुसरा : काउंटीच्या तिजोरीसाठी अर्धा टक्का द्याल का? (साधं बहुमत पुरे.) दोन्ही पास. कोर्टातही टिकलं. पेशवाईत असते तर जहागीर मिळाली असती.

चहाटळ | दुपारी १:०२

आणि नावं! मतदानाला ठेवलेल्या प्रस्तावाला इथे 'मेझर' म्हणतात. १९७६ मेझर ए. १९८४ मेझर ए. १९९२ मेझर ए. १९९६ ची सल्ला-यादी मेझर ए. २००० मेझर ए. २०१२ मेझर ए, २०१८ मेझर ए. आणि गेल्याच महिन्यातला हॉस्पिटलांसाठीचा? मेझर ए. प्रत्येक बारशाला हे एकच नाव घेऊन येतात.

(पडवळ, तुम्ही मागे "मेझर ए ला मी मत दिलं नव्हतं" म्हणाला होतात, ते नक्की कोणत्या?)

पडवळ | दुपारी १:१०

कोणत्याच नाही.

मोडीलिपी | रात्री ९:३०

आता ते ८०० डॉलर जातात कुठे. २०१६ चं उदाहरण घेतो, कारण त्याची यादी मतपत्रिकेसोबत छापून आली होती आणि मी ती जपून ठेवलीय (बायकोच्या मते माळ्यावरचा हा सगळ्यात निरुपयोगी कागद). ३० वर्षांत ६.३ अब्ज, २०१७ च्या डॉलरांत. बार्टचा दुसरा टप्पा दीड अब्ज. गावोगावचे रस्ते १.२ अब्ज. हायवेची इंटरचेंजेस ७५ कोटी, काउंटी एक्सप्रेसवे ७५ कोटी. कॅलट्रेनच्या रुळांवरची फाटकं काढून पूल किंवा भुयारं करायला ७० कोटी. हायवे ८५ च्या पट्ट्याला ३५ कोटी. कॅलट्रेनची क्षमता वाढवायला ३१.४ कोटी. सायकल आणि पायी चालणारे, २५ कोटी. आणि रोजच्या बस-लाइट रेल चालवायला ५० कोटी. शंभरातले आठ.

रिकाम्या बसच्या नावाने बोटं मोडणाऱ्यांनी एवढा आकडा लक्षात ठेवावा. त्या कराचा मोठा वाटा डांबर, काँक्रीट आणि बार्टच्या बोगद्यात जातो. सनीवेलच्या गल्लीतला खड्डा बुजतो तोही यातून, आणि त्या खड्ड्यावरून तुमची इलेक्ट्रिक गाडीच जाते. तुम्ही पेट्रोलवरचा कर देत नाही. नोंदणीबरोबर वर्षाला शंभरेक डॉलरचं शुल्क देता, तेवढंच. त्या हिशेबाने हे ८०० म्हणजे रस्त्याचं भाडं आगाऊ दिलंत असं समजा.

अजून एक. वसुली एप्रिल २०१७ ला सुरू झाली, पण कोर्टकज्जा चालू होता म्हणून जवळजवळ दोन वर्षं पैसे एस्क्रोमध्ये (निकालापर्यंत राखून ठेवलेल्या खात्यात) नुसते साठत होते. आपण दुकानात भरत होतो आणि रस्त्यावर मात्र फावडं पडत नव्हतं.

चहाटळ | रात्री १०:१५

काका, यादी छान वाचलीत. आता २००० ची यादी काढा माळ्यावरून. त्यातलं झालं काय आणि राहिलं काय तेही सांगा ना.

विमानतळाला जोडणारी गाडी : नाही. डंबार्टन पुलावरून रेल्वे : नाही. कॅलट्रेनचं विद्युतीकरण : झालं, सप्टेंबर २०२४ ला. पूर्व सॅन होजेला ईस्टरिजपर्यंत लाइट रेल : भूमिपूजन जून २०२४. चार किलोमीटर मार्ग, मतदानानंतर २४ वर्षांनी पहिली कुदळ. आणि बार्ट? बेरियेसापर्यंत आलं. पुढचा टप्पा दहाएक किलोमीटर, चार स्टेशनं, २०१६ च्या सुमारास ४.७ अब्ज सांगत होते, आता १२ अब्जांच्या वर गेलाय. केंद्राने ५.१ अब्ज मंजूर केलेत तरी गाडी धावायला २०३७ उजाडणार. २००० ला मत देणाऱ्याचं तेव्हाचं तान्हं पोर तोवर बार्टमध्ये स्वतःच्या पोराला घेऊन बसेल.

मी बसच्या विरोधात नाही. माझं म्हणणं एवढंच की यादी दाखवून मत मागतात आणि क्रम नंतर ठरवतात. यादीत दहा कामं असली की प्रत्येक गावाला वाटतं आपलं पहिलं. मग डॉटकॉम बुडालं, वसुली आटली, आणि कोणाचं काम मागे सरकलं? कूपर्टिनोचं नाही सरकलं.

मृदंग | रात्री १०:३१

कूपर्टिनोचं सरकायला होतं काय? आम्हाला ८५ च्या मधल्या पट्टीत रेल्वे येणार असं तेव्हापासून ऐकतोय. मधली जागा सार्वजनिक वाहतुकीसाठी राखली म्हणूनच या बाजूच्या गावांनी हायवेला होकार दिला. (आणि जड ट्रकना बंदी हवी म्हणून. ती मात्र मिळाली.) त्या पट्टीत अजून गवत आहे. आमच्या गावांचे पैसे बोगद्यात गेले हे आम्ही पण म्हणू शकतो.

तिसरीघंटा | ६ डिसेंबर, सकाळी १०:०५

क्रमाचं बोलताय, आधी कोण भरतं ते बघू. कालची आमच्या देशी दुकानाची पावती समोर आहे. तांदळाची गोणी, तूरडाळ, कोथिंबीर, भाकरवडी, श्रीखंड : टॅक्स शून्य, कारण घरी न्यायच्या खाण्यावर कॅलिफोर्नियात सेल्स टॅक्स नाही. त्याच पावतीवर दोन गरम बटाटेवडे : टॅक्स. तोच वडा फ्रीझरमधला गोठवलेला घेतला असता तर नाही. सोड्याची बाटली : टॅक्स. अगरबत्ती आणि स्टीलचा डबा : टॅक्स. एकूण ९४ डॉलरच्या खरेदीत कर लागला जेमतेम २९ डॉलरवर.

मग मी घरचं महिन्याचं कार्डाचं बिल काढलं. मुलीचा कथ्थकचा क्लास, नवऱ्याचं जिम, प्लंबर, केस कापणं, सिनेमे-मालिकांची वर्गणी, डाउनलोड केलेलं सॉफ्टवेअर. एकावरही सेल्स टॅक्स नाही. ज्या खोऱ्यात सॉफ्टवेअर पिकतं तिथे तेच करमुक्त! आमच्या बिल्डिंगमध्ये साफसफाईला येणारी बाई मात्र मुलांचे बूट, गादी, जुनी गाडी घेते, त्या सगळ्यावर पूर्ण दर भरते. तिच्या पगाराच्या मानाने तिचा टक्का माझ्यापेक्षा मोठा आहे. आणि ती रोज पूर्व सॅन होजेहून येते. चहाटळ म्हणतात ती २४ वर्षं थांबलेली लाइट रेल तिच्याच दारातली.

तुरेबुवा, तुमचं तर अजून वेगळं. तुम्ही ३,६५० भरलेत आणि मत शून्य. आम्ही ग्रीन कार्डच्या रांगेत १३ वर्षं काढली. त्या काळात २०१६ चा कर आला, २०२० चा आला. दोन्ही भरले, दोन्ही वेळा मतदान दुसऱ्यांनी केलं. या काउंटीत आपल्यासारखे किती आहेत, आजूबाजूला बघा.

पडवळ | सकाळी १०:२०

सोन्यावर पण लावतात हो! दिवाळीला घेतलं तेव्हा लावला.

तिसरीघंटा | सकाळी १०:२६

काय घेतलंत? दागिना असेल तर लागणारच. सोन्याची नाणी-बिस्किटं एका वेळी २,००० डॉलर किंवा त्याहून जास्तीची घेतली तर लागत नाही. मंगळसूत्राला कर आणि बिस्किटाला माफी. कायदा कोणाकडे बघून केलाय ते कळतं.

सातारीतुरा | सकाळी ११:४०

हे वाचून गंमत वाटली. आमच्याकडे एसटीच्या तिकिटात साडेसतरा टक्के प्रवासी कर वर्षानुवर्षं सरकार कापून घेत आलंय. म्हणजे तिकडे बसच्या तिकिटातून तिजोरी भरते आणि इथे दुकानाच्या पावतीतून बस चालते. पुण्यात पीएमपीचा तोटा पुणे आणि पिंपरी-चिंचवड महापालिका ६०-४० भरतात, तेही दर वर्षी भांडून. मेट्रोसाठी घराच्या स्टँप ड्यूटीवर एक टक्का अधिभार लावलाय, पण तो लावायचा का, हे मला कोणी विचारलं नव्हतं. इथे विचारतात, पण मलाच नाही.

एक शंका. तिकिटाच्या पैशातून का नाही भागवत?

मोडीलिपी | दुपारी ३:१०

व्हीटीएच्या खर्चाचा दहावा हिस्साही भाड्यातून निघत नाही. ऐकायला लाजिरवाणं. पण २०२० ला काय झालं बघा. बार्टचं उलटं होतं, कोविडच्या आधी चालवायच्या खर्चापैकी ६० टक्क्यांहून जास्त भाड्यातून यायचे. केवढी शाबासकी मिळायची! ऑफिसं बंद झाली, प्रवासी घरी बसले, आणि बार्ट खड्ड्यात गेली ती अजून बाहेर आलेली नाही. व्हीटीए ज्या सेल्स टॅक्सवर जगते तो मात्र टिकला, कारण लोक घरी बसून खोकी मागवत होते. २०१९ पासून ऑनलाइन विक्रेत्यांनाही माल पोचतो तिथला स्थानिक कर गोळा करावा लागतो. दारात पडलेल्या प्रत्येक खोक्यातले काही सेंट एल कॅमिनोवरच्या २२ नंबरच्या बसला मिळाले.

उलटही होतं. आपल्या काउंटीत कर भरणारे फक्त ग्राहक नाहीत, कंपन्या सर्व्हर आणि यंत्रं घेतात त्यावरही तो लागतो. २००१ ला कंपन्यांनी खरेदी थांबवली आणि वसुली कोसळली. २००० ला ३० वर्षांचा अंदाज बांधला होता तो ऐन तेजीतला, मिठाईच्या दुकानात बसून आहार ठरवल्यासारखा. पुढची काही वर्षं बसच्या फेऱ्या कापल्या गेल्या. तेव्हा चहाटळ म्हणतात ते खरं आहे, आटलं की आधी बस आटते. बोगद्याचे रोखे काढलेले असतात, त्यांचं व्याज थांबवता येत नाही. बसची फेरी थांबवता येते.

सहामाही_आजोबा | संध्याकाळी ६:४५

मुलाकडे सनीवेलला सहा महिन्यांसाठी आलो आहे. तुमची चर्चा सूनबाईने वाचायला दिली. मला गाडी चालवता येत नाही इथे, त्यामुळे मी रोज २२ नंबरने जातो. त्या रिकाम्या बसबद्दल मला सांगता येईल.

आज मोजत गेलो. एल कॅमिनोवर चढलो तेव्हा माझ्यासकट ९. सांता क्लारात १७. सॅन होजेच्या डाउनटाउनला ३० मोजले आणि पुढे मोजणं सोडलं, लोक उभे होते. गाडीवाल्यांना सनीवेलमधली बस दिसते, म्हणून ती रिकामी वाटत असेल.

एका थांब्यावर व्हीलचेअरवर एक बाई होत्या. ड्रायव्हरने बस त्या बाजूला वाकवली, खरोखर फुस्स करून वाकते, उतरता फळा बाहेर टाकला, पुढची सीट उचलून जागा केली आणि खाली बसून चाकांना चार पट्टे बांधले. चार मिनिटं गेली. कोणी घड्याळ बघितलं नाही, हॉर्न नाही. माझ्या शेजारी एक माणूस होता, त्याच्या पिशवीत हॉटेलातला पांढरा एप्रन. तो तेवढ्या वेळात झोपून गेला.

पासष्टच्या वरच्याला भाडं १ डॉलर. मोठ्यांना अडीच. पासपोर्ट दाखवून सवलतीचं क्लिपर कार्ड काढलं. माझा एक डॉलर आणि मुलाच्या गाडीचा कर मिळून बस चालते असं आज कळलं.

तिसरीघंटा | संध्याकाळी ७:०२

आजोबा, नमस्कार. असेच लिहीत जा.

फ्रीमाँटचा_फौजदार | रात्री ८:१०

तुरेबुवांचा तिसरा प्रश्न राहिला. ऑक्टोबरात गव्हर्नरनी एसबी ६३ या विधेयकावर सही केली. त्यानुसार नोव्हेंबर २०२६ ला बे एरियाच्या पाच काउंट्यांत एकच कर मतदानाला ठेवता येईल. अलामीडा, काँट्रा कोस्टा, सॅन मटेओ, सांता क्लारा अर्धा टक्का, सॅन फ्रान्सिस्को एक टक्का, मुदत १४ वर्षं, वर्षाला सुमारे एक अब्ज. यावेळी पैसा बोगद्यांना नाही, बहुतेक सगळा गाड्या चालू ठेवायला. बार्ट, म्युनी, कॅलट्रेन, एसी ट्रान्झिट बुडायच्या बेतात आहेत म्हणून. सांता क्लाराचा मोठा हिस्सा व्हीटीएकडेच राहील.

आणि सह्या गोळा करून, म्हणजे नागरिकांच्या पुढाकाराने तो मतपत्रिकेवर आणला तर साधं बहुमत पुरतं. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ च्या अपलंड खटल्यातल्या निकालाने ते दार किलकिलं झालं. दोन-तृतीयांशाची सर्कस नको.

मोडीलिपी | रात्री ८:५५

आणि दर? गेल्या महिन्यात मंजूर झालेला हॉस्पिटलांचा पाच-अष्टमांश एप्रिलपासून लागेल, तेव्हा सनीवेल ९.७५. हा झाला तर १०.२५. फौजदार, तुमची बरोबरी करतो एकदाची.

फ्रीमाँटचा_फौजदार | रात्री ८:५७

तोवर आम्ही १०.७५ ला. पाठलाग चालू ठेवा.

चहाटळ | रात्री ९:२०

माझं मत : नाही. आधीच्या पाच करांचा हिशेब माझ्यासमोर आला की सहाव्याचं बोलू. २०१९ ला काउंटीच्या सिव्हिल ग्रँड ज्युरीने (नागरिकांच्या चौकशी मंडळाने) व्हीटीएच्या संचालक मंडळाच्या कारभारावर केवढा अहवाल लिहिला होता, शोधून वाचा. शहरांचे नगरसेवक तिथे अर्धवेळ बसतात, आपल्या गावाकडे डोळा लावून.

तिसरीघंटा | रात्री ९:४१

माझं मत : हो, आणि नाराजीने. विक्रीकर हा कर लावायचा सगळ्यात वाईट रस्ता आहे हे मान्य. पण "आधी हिशेब" म्हणत फेऱ्या कापू दिल्या तर तो एप्रनवाला माणूस घरी कसा जाईल? चहाटळ, तुमचा राग बोगद्यावर आहे आणि फटका बसला बसणार. यावेळची यादी तरी उलटी आहे, आधी चालू गाड्या. २००० ला असा क्रम कोणी लिहून मागितला असता तर ईस्टरिजची गाडी आत्तापर्यंत जुनी झाली असती.

आणि ज्यांना मत नाही त्यांच्यासाठी. व्हीटीएच्या बोर्डाच्या सभा खुल्या असतात, उठून दोन मिनिटं बोलता येतं. नागरिक आहात का असं कोणी विचारत नाही. २०१६ च्या कराची वेगळी देखरेख समिती आहे, तिच्याही बैठका खुल्या. मी दोनदा गेले. पहिल्यांदा आवाज थरथरला, दुसऱ्यांदा माझ्या पुढे फक्त सायकलवाले होते, ते दर वेळी येतात. म्हणून सायकलींना २५ कोटी आहेत असं माझं ठाम मत झालंय.

मृदंग | रात्री ९:५०

सायकलवाल्यांना नावं ठेवू नका, मी त्यातलाच. पुढच्या वेळी ८५ च्या गवताचा फोटो घेऊन येतो.

सातारीतुरा | रात्री १०:३०

सगळ्यांचे आभार. बायकोला धागा वाचून दाखवला. ती म्हणाली, ८०० डॉलर भरलेतच तर एकदा बसून तरी बघ. तर उद्या रविवारी २२ ने जातो. आजोबा, कुठवर जाते ती?

सहामाही_आजोबा | ७ डिसेंबर, सकाळी ६:१०

पालो आल्टोपासून ईस्टरिजपर्यंत. सनीवेलहून शेवटच्या थांब्याला सव्वा ते दीड तास लागतो. मी मागच्या आठवड्यात टोकापर्यंत गेलो होतो, उगाच. तिथे कॅपिटल एक्सप्रेसवेवर कुंपणं घातलीत, काम चाललंय. एका कामगाराला खुणेनेच विचारलं काय बांधताय, तो "ट्रेन" म्हणाला. ती २००० च्या यादीतली असं काल तुमच्याकडून कळलं. त्या वर्षी मी नोकरीत होतो आणि हा मुलगा बारावीला होता.

साडेनऊला एल कॅमिनोच्या थांब्यावर असेन, येणार असाल तर. डाव्या खिडकीची जागा धरा, सकाळचं ऊन उजवीकडून येतं.